ओव्हनचा टायमर नीट कसा वापरायचा: घंटा, आपोआप बंद होणं आणि उशिरा सुरू होणं

ओव्हनच्या टायमरवर विसंबण्याआधी एक गोष्ट स्वतः तपासून घ्या. वेळ संपल्यावर तुमचा ओव्हन बंद होतो, की नुसती घंटा वाजते आणि आत आच चालूच राहते? वर्षानुवर्षं ओव्हन वापरणाऱ्यांनाही याचं उत्तर छातीठोकपणे देता येत नाही. ‘टायमर लावलाय ना, होईल बंद’ असं म्हणून माणूस दुसऱ्या खोलीत जातो आणि धुराचा वास आल्यावर परत येतो.

तपासणी सोपी आहे. ओव्हन पूर्ण रिकामा करा, तापमान २०० अंश सेल्सिअसवर ठेवा, टायमर ५ मिनिटांचा लावा आणि समोर उभे राहा. तापमान मुद्दाम जास्त ठेवायचं, कारण एवढ्या थोड्या वेळात ओव्हन सहसा २०० अंशांपर्यंत पोहोचत नाही आणि आतली आच देणारी सळई तापतच असते. १०० वर ठेवलंत तर थर्मोस्टॅटने, म्हणजे तापमान राखणाऱ्या यंत्रणेने, सळई आधीच बंद केलेली असू शकते आणि तुम्हाला वाटेल की टायमरनेच बंद केली. घंटा वाजल्यावर आचेचा दिवा विझला का, सळईची लाली गेली का, ते पाहा. पंख्याच्या आवाजावर जाऊ नका. ओव्हन बंद झाल्यावरही आतली यंत्रणा थंड करण्यासाठी काही ओव्हनचा पंखा बराच वेळ फिरत राहतो.

टायमरचे तीन प्रकार

पहिला प्रकार म्हणजे नुसती घंटा. पडद्यावर बहुतेक वेळा घंटेचंच चित्र असतं. या टायमरचा आचेशी काही संबंध नसतो. ओव्हन बंद असतानाही तो लावता येतो, आणि घंटा वाजून गेल्यावर ओव्हन पुढे कितीही वेळ चालू राहतो.

दुसरा प्रकार टेबलावर ठेवायच्या छोट्या ओव्हनवर, म्हणजे ओटीजीवर दिसतो. गोल फिरवायचं बटण, आत स्प्रिंग, टिकटिक आवाज. यात टायमर फिरवल्याशिवाय ओव्हन तापतच नाही आणि शून्यावर आला की वीज तुटते. या बटणाच्या दोन खोडी लक्षात ठेवाव्या लागतात. एक, शून्याच्या दुसऱ्या बाजूला बऱ्याचदा ‘स्टे ऑन’ अशी खूण असते. बटण तिथे गेलं की टायमरचं काम संपलं, ओव्हन तुम्ही हाताने बंद करेपर्यंत चालू. घाईत बटण उलट्या बाजूला फिरवलं जातं आणि ते लक्षातही येत नाही. दुसरी, ५-७ मिनिटांसारखी छोटी वेळ थेट लावली तर स्प्रिंगला पुरेसा ताण बसत नाही आणि घंटा लवकर वाजते किंवा वाजतच नाही. म्हणून अशा बऱ्याच यंत्रांत बटण आधी २० मिनिटांच्या पुढे न्यायचं आणि मग हलकेच मागे हव्या त्या आकड्यावर आणायचं. मागे येताना अडकतंय असं वाटलं तर जोर लावू नका. छोटी वेळ मोबाइलवर लावा आणि बटण पुढेच राहू द्या.

तिसरा प्रकार घड्याळाशी जोडलेला. यात दोन गोष्टी सांगता येतात, पदार्थ किती वेळ शिजवायचा आणि किती वाजता संपवायचा. फक्त पहिली सांगितली तर ओव्हन लगेच सुरू होतो आणि तेवढ्या वेळाने बंद होतो. दोन्ही सांगितल्या तर तो मधला हिशोब करून स्वतःच उशिरा सुरू होतो. हा उशिरा सुरू होण्याचा प्रकार फार मोहात पाडणारा आहे आणि सगळ्यात जास्त काळजीही यातच घ्यावी लागते. त्याबद्दल पुढे सविस्तर.

मोजायला सुरुवात कधी करायची

पाककृतीत ‘१८० अंशांवर ४० मिनिटं’ असं लिहिलेलं असतं तेव्हा ओव्हन आधी तापलेला आहे असं गृहीत असतं. म्हणजे ४० मिनिटं पदार्थ आत जाऊन दार बंद झाल्यापासून मोजायची. प्रीहीटला, म्हणजे ओव्हन आधी तापवायला, साधारण १० ते १५ मिनिटं लागतात, मोठ्या ओव्हनला किंवा जास्त तापमानाला अधिक. आचेचा दिवा पहिल्यांदा विझतो तेव्हा आतली हवा तापलेली असते, पण भिंती आणि जाळी अजून मागेच असतात. दार उघडताक्षणी ती हवा बाहेर पडते आणि आतलं तापमान झपकन उतरतं. केक, पाव, बिस्किटं यांसाठी दिवा विझल्यावर आणखी ५ ते १० मिनिटं थांबा. जाड झाकणाच्या भांड्यात दीड-दोन तास शिजणाऱ्या पदार्थाला एवढा काटेकोरपणा लागत नाही.

गोल बटणाच्या ओव्हनमध्ये प्रीहीटची मिनिटंही त्याच बटणावर खर्च होतात. १५ मिनिटं तापवायचं आणि ४० मिनिटं भाजायचं असेल, आणि सुरुवातीला बटण ४० वर लावलं, तर केक आत ठेवेपर्यंत २५ उरलेली असतात. मग अर्धवट फुगलेल्या केकवर ओव्हन बंद पडतो आणि केक मध्ये खचतो. म्हणून या ओव्हनवर माझी पद्धत अशी: बटणाकडून फक्त सुरक्षेचं काम घ्यायचं. पदार्थ आत ठेवल्यावर ते पुन्हा फिरवून लागणाऱ्या वेळेपेक्षा १५ मिनिटं पुढे न्यायचं. खरी वेळ वेगळ्या टायमरवर किंवा मोबाइलवर मोजायची. मी दाराशी पोहोचलोच नाही तरी ओव्हन कधीतरी बंद होणार, एवढी हमी त्या बटणाने द्यावी. पदार्थ झाला की नाही हे ठरवणं त्याच्यावर सोपवू नये.

घंटा किती मिनिटांची

पाककृतीत दिलेली पूर्ण वेळ टायमरवर लावू नका. तिच्या साधारण पाऊणपट वेळेवर पहिली घंटा लावा. ४० मिनिटांच्या केकला ३० वर, दीड तासाच्या मांसाला ७० मिनिटांच्या आसपास. बिस्किटं १० ते १२ मिनिटांची असतील तर ८ वर, कारण तिथे एका मिनिटात रंग बदलतो आणि तापलेला ट्रे बाहेर काढल्यावरही खालून भाजत राहतो.

एवढी सावधगिरी का? पाककृती लिहिणाऱ्याचा ओव्हन आणि तुमचा ओव्हन वेगळे. बटणावरचा १८० हा आकडा म्हणजे आतलं नेमकं तापमान नसतं. थर्मोस्टॅट सळई चालू-बंद करत राहतो आणि तापमान त्या आकड्याच्या खाली-वर झोके घेत असतं. काही ओव्हनमध्ये सरासरीच १०-२० अंशांनी इकडेतिकडे असते. जाळीवर ठेवायचा ओव्हन थर्मामीटर मिळतो. तो मधल्या जाळीवर ठेवून अर्धा तास ओव्हन चालवा, दर काही मिनिटांनी काचेतून आकडे पाहा आणि त्यांची सरासरी धरा. ओव्हन २० अंशांनी थंड चालतोय हे एकदा कळलं की बटण तेवढं पुढे ठेवायचं. रोजच्या वापरात या एका छोट्या वस्तूने जितका फरक पडतो तितका महागड्या टायमरने पडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पंख्याच्या ओव्हनमध्ये गरम हवा फिरत असल्यामुळे पदार्थ लवकर होतो. साध्या ओव्हनची कृती तिथे करताना तापमान सुमारे २० अंशांनी कमी ठेवतात. भांड्याच्या आकारानेही वेळ पार बदलते. तेच मिश्रण छोट्या कपांत २० मिनिटांत होतं, तर खोल गोल साच्यात त्याला दुप्पट वेळही लागू शकतो. उलट, दोन ट्रे एकदम ठेवले म्हणून वेळ दुप्पट होत नाही, थोडी वाढते. अशा वेळी अर्ध्यावर एक घंटा लावा आणि ट्रे वर-खाली बदलून त्यांची पुढची बाजू मागे करा.

पहिल्या घंटेला आधी काचेतून पाहा. दिवा लावून दिसत असेल तर दार उघडू नका. केक अजून ओला आणि थरथरता असताना दार उघडलं तर तो बसण्याची भीती असते. पाऊण वेळ झाल्यावर उघडायला हरकत नाही, पण पटकन. मग जी स्थिती असेल त्यानुसार ५ किंवा १० मिनिटांची नवी घंटा लावा. ‘थोड्या वेळाने बघते’ असं म्हणून घंटा न लावता वळलात की तो पदार्थ हमखास विसरला जातो. शेवटच्या १० मिनिटांत पदार्थ सगळ्यात जास्त वेळा करपतात, आणि त्या वेळी घड्याळ बहुधा कोणीच लावलेलं नसतं.

झालं हे कशावरून ओळखायचं

केकच्या मध्यभागी बारीक सुरी किंवा सळई घाला, ओलं मिश्रण चिकटता कामा नये. कडा साच्यापासून सुटू लागलेल्या असतात आणि बोटाने हलकं दाबलं तर पृष्ठभाग परत वर येतो. पाव उलटा करून खालून टिचकी मारली तर पोकळ आवाज येतो. आतून तो ९३ ते ९९ अंशांदरम्यान असतो. बटाटे सोनेरी झाले की काढा, गडद तपकिरी होऊ देऊ नका. पिठूळ पदार्थ १२० अंशांच्या वर कोरडे भाजले की त्यांत अ‍ॅक्रिलामाइड नावाचं नको असलेलं रसायन तयार होतं आणि रंग गडद होतो तसं ते वाढत जातं.

मांस, मासे आणि अंडी यांच्या बाबतीत रंग आणि वेळ दोन्ही दगा देतात. वरून खरपूस झालेली कोंबडी हाडाजवळ कच्ची असू शकते. इथे टोकदार प्रोब थर्मामीटरला पर्याय नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने दिलेले आकडे बऱ्याच ठिकाणी वापरले जातात: कोंबडी आणि इतर पक्ष्यांचं मांस आतून ७४ अंश (त्यांचा खिमाही), मोठ्या जनावराच्या मांसाचा खिमा ७१, मोठ्या जनावराच्या मांसाचा अखंड तुकडा ६३ आणि त्यानंतर किमान ३ मिनिटं विश्रांती, मासे ६३, अंडी घालून भाजलेले पदार्थ ७१, आणि उरलेलं अन्न पुन्हा गरम करताना ७४. खिम्याचा आकडा अखंड तुकड्यापेक्षा जास्त का, हा प्रश्न रास्त आहे. अखंड तुकड्यावर जंतू बहुतेक बाहेरच्या बाजूला असतात. खिमा करताना तीच बाजू आत कालवली जाते.

थर्मामीटरचं टोक सगळ्यात जाड भागात जायला हवं आणि हाडाला टेकता कामा नये, कारण हाड मांसापेक्षा वेगळं तापतं आणि आकडा चुकतो. कोंबडीत मांडी जिथे धडाला जोडलेली असते तिथे आतल्या बाजूने, आणि छातीच्या जाड भागात, अशा दोन्ही ठिकाणी पाहा. कच्च्या मांसातून काढलेलं टोक साबणाच्या गरम पाण्याने धुतल्याशिवाय पुन्हा घालू नका. नाहीतर पहिल्या तपासणीतले जंतू शेवटच्या तपासणीत शिजलेल्या मांसात जातात.

मोठा तुकडा बाहेर काढल्यावरही बाहेरची उष्णता आत सरकत राहते आणि मधलं तापमान आणखी काही अंश चढतं. म्हणून भाजलेलं मांस १५-२० मिनिटं नुसतं ठेवतात. त्या वेळेलाही घंटा लावा.

सगळं एकाच वेळी ताटात यावं म्हणून

एकाहून जास्त पदार्थ असले की वेळ जेवणापासून उलटी मोजायची. समजा जेवण ८ वाजता आहे आणि दीड किलोची अख्खी कोंबडी, बटाटे आणि गाजर भाजायचे आहेत. कोंबडीसाठी १८० अंशांवर किलोला ४५ मिनिटं आणि वर २० मिनिटं असा ढोबळ हिशोब धरतात, म्हणजे साधारण दीड तास. कापायला १० मिनिटं, त्याआधी विश्रांतीला २०. म्हणजे कोंबडी ७:३० ला बाहेर, ६ वाजता आत, आणि ओव्हन ५:४५ ला चालू.

बटाट्याच्या मोठ्या फोडी ६:४५ ला आत जातात. ७:१० ला कोंबडीचं तापमान पाहायचं असतं, तेव्हाच गाजरं आत ठेवायची, म्हणजे दार एकदाच उघडतं. ७:३० ला कोंबडी ७४ अंशांवर पोहोचली असेल तर ती बाहेर काढून सैल झाकायची आणि ओव्हन २२० वर न्यायचा. बटाटे आणि गाजर शेवटच्या २० मिनिटांत खरपूस होतात आणि ७:५० ला सगळं हाताशी असतं. कच्चं मांस खालच्या जाळीवर, भाज्या वरच्या जाळीवर, म्हणजे कच्चा रस भाज्यांवर ठिबकत नाही.

यात चार घंटा आहेत: ६:४५, ७:१०, ७:३०, ७:५०. त्या नुसत्या लावून भागत नाही. घंटा वाजते आणि ‘ही कशाची होती?’ असं होतं. कागदावर चार ओळी लिहून ओव्हनशेजारी चिकटवा: वेळ, पदार्थ, काय करायचं. मोबाइलवर प्रत्येक गजराला नाव देता येतं, तेही चालेल. ओव्हन गच्च भरला की सगळंच रेंगाळतं, १०-१५ मिनिटं जास्त लागू शकतात. कोंबडीची विश्रांती हीच तुमची राखीव वेळ. ती उशिरा झाली तर विश्रांती १० मिनिटांवर आणा, पण ७४ चा आकडा गाठल्याशिवाय बाहेर काढू नका.

उशिरा सुरू होणारा ओव्हन

आता तिसऱ्या प्रकाराकडे. बटणांचा क्रम प्रत्येक ओव्हनमध्ये थोडा वेगळा असतो, पण काम याच टप्प्यांनी होतं:

१. ओव्हनचं घड्याळ बरोबर आहे का ते पाहा. १२ तासांचं असेल तर सकाळ-संध्याकाळचा घोळ होत नाही ना, तेही.

२. भाजण्याचा प्रकार आणि तापमान निवडा.

३. शिजवण्याचा वेळ भरा. ओव्हन थंडच सुरू होणार आहे, तेव्हा पाककृतीतल्या वेळेत १० ते १५ मिनिटं वाढवा. सव्वा तासाचा पदार्थ असेल तर दीड तास.

४. संपण्याची वेळ भरा. ७:३० भरलंत तर ओव्हन ६ वाजता सुरू होईल. हा आकडा स्वतः मनात काढून पडताळा.

५. पडद्यावर ‘ऑटो’ किंवा तशी खूण आली का आणि सळई आत्ता बंद आहे का, ते पाहा. खूण नसेल तर ओव्हन आत्ताच तापायला लागला असेल किंवा कधीच तापणार नाही.

६. काम झाल्यावर टायमर रद्द करून ओव्हन हाताने चालवायच्या स्थितीत आणा. ‘ओव्हन बिघडला, तापतच नाही’ अशी तक्रार येते तेव्हा कित्येकदा तो जुन्या कार्यक्रमावर अडकलेला असतो.

पदार्थ मात्र जपून निवडा. ओव्हन सुरू होईपर्यंत तो बंद कपाटात, खोलीच्या तापमानाला पडून असतो. साधारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून नाशवंत अन्न या पट्ट्यात २ तासांहून जास्त ठेवू नये असा नियम आहे. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तास. या मोजणीत पदार्थ फ्रिजमधून काढून ओट्यावर ठेवल्यापासूनचा वेळ धरायचा. ओव्हन दुपारी वापरलेला असेल तर आतून तो खोलीपेक्षा कोमटच असतो, आणि कोमट जागा जंतूंना अगदी मानवते.

‘नंतर शिजणारच आहे, जंतू मरतील’ हे म्हणणं अर्धंच खरं आहे. जंतू मरतात, पण स्टॅफिलोकोकस ऑरियससारख्या जंतूंनी तोवर अन्नात सोडलेलं विष शिजवल्याने नष्ट होत नाही. म्हणून कच्चं मांस, मासे, दूध-अंड्याचं मिश्रण, शिजवलेला भात घातलेले पदार्थ सकाळी ओव्हनमध्ये ठेवून संध्याकाळची वेळ लावू नका. गोठलेलं मांस ठेवून ‘तोवर वितळेल’ ही युक्तीही नको. बाहेरचा भाग आधी वितळतो आणि मधला बर्फ जाईपर्यंत धोक्याच्या पट्ट्यात राहतो. केकचं मिश्रण आजाराच्या भीतीने तर नकोच, शिवाय बेकिंग पावडरचा वायू वाट पाहताना निघून जातो आणि केक दडस होतो.

मग या सोयीचा उपयोग कशाला? अख्ख्या, सालासकट भाज्यांना. बटाटे, रताळी, बीट, कांदे धुऊन, पुसून ठेवा. बटाट्यांना काट्याने टोचे मारा, म्हणजे वाफेने फुटणार नाहीत. अखंड सफरचंदंही छान होतात. आणि घरीच असाल तर तास-सव्वा तासाच्या आतली वाट बाकीच्या पदार्थांनाही चालते, फक्त वरची मर्यादा पाळून.

बटाटे अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून भाजणार असाल तर झाल्यावर लगेच खा, किंवा फॉइल काढून फ्रिजमध्ये टाका. फॉइलच्या आत हवा नसते, ओल असते, आणि भाजण्यातून वाचलेले बॉट्युलिझमच्या (एका जीवघेण्या विषबाधेच्या) जंतूंचे बीजाणू तिथे वाढून विष तयार करू शकतात. १९९४ साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातील एल पासो शहरात असंच घडलं. फॉइलमध्ये भाजून खोलीच्या तापमानाला ठेवलेले बटाटे एका उपाहारगृहाने नंतर चटणीसारख्या पदार्थात वापरले आणि ३० जणांना बॉट्युलिझम झाला.

आच बंद झाल्यानंतर

टायमरने ओव्हन बंद केला म्हणजे शिजणं थांबलं असं नाही. बंद दाराआड उष्णता बराच वेळ टिकते. केक कोरडा पडतो, बिस्किटं कडक होतात. घंटेला लगेच येता येणार नसेल तर वेळ ५-१० मिनिटांनी कमी भरा आणि उरलेलं काम साठलेल्या उष्णतेवर सोडा. हे भाज्या आणि झाकणाच्या पदार्थांना जमतं, मांसाला नाही, कारण तिथे शेवटचा आकडा मोजल्याशिवाय काही ठरवता येत नाही.

आणखी उशीर झाला तर पदार्थ हळूहळू ६० अंशांच्या खाली उतरतो आणि तिथून २ तासांचं घड्याळ सुरू होतं. जेवायला उशीर होणार हे माहीत असेल तर ओव्हन ७०-८० अंशांवर ठेवून झाकलेला पदार्थ ६० च्या वर ठेवा. तास-दीड तास ठीक, त्यापुढे चव आणि पोत बिघडतात. या सौम्य आचेवर फ्रिजमधलं थंड अन्न मात्र गरम करायला ठेवू नका, ते धोक्याच्या पट्ट्यातून फार सावकाश वर येतं. उरलेलं अन्न उथळ भांड्यांत पसरून लवकर थंड करा आणि २ तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. भाताला हे विशेष लागू आहे. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवल्यानंतरही टिकतात, आणि कोमट भातात त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

लावण्याआधी, आणि काही बिघडलं तर

आपोआप चालणारा ओव्हन लावण्याआधी आत हात घालून पाहा. बऱ्याच घरांत ओव्हनमध्ये ट्रे, प्लास्टिकचे डबे, कागदी पिशव्या ठेवलेल्या असतात. तळाशी साठलेलं तूप-तेल पुसून घ्या, धूर आणि आग बहुधा त्यातूनच सुरू होतात. बेकिंगच्या कागदावर छापलेली तापमानाची मर्यादा वाचा, बऱ्याच कागदांची ती २२० अंशांच्या आसपास असते. फ्रिजमधलं काचेचं भांडं थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नका, अचानक तापल्याने ते तडकतं. टेबलावरच्या ओव्हनच्या मागे, बाजूला आणि वर मोकळी जागा सोडा, पडदा किंवा कागदी रुमाल जवळ नको. प्लग भिंतीतल्या योग्य क्षमतेच्या सॉकेटमध्येच लावा, एक्स्टेन्शनच्या वायरवर नाही.

ओव्हन चालू असताना घराबाहेर जाऊ नये आणि झोपूही नये. आपोआप बंद होणारा टायमर असला तरीही. टायमर वेळ संपवतो, पण आत सांडलेलं तेल पेटलं तर त्याला कळत नाही. घंटा ऐकू येत नाही अशा खोलीत जाणार असाल तर टायमर खिशात घेऊन जा.

भांडं काढताना हातमोजे किंवा फडकं कोरडंच हवं, ओल्या फडक्यातून चटका क्षणात लागतो. दार उघडताना बाजूला उभे राहा आणि पहिली वाफ जाऊ द्या.

आत आग दिसली तर दार उघडू नका. ओव्हन बंद करा, हात सुरक्षितपणे पोहोचत असेल तर भिंतीवरचा स्विचही बंद करा. हवा मिळाली नाही की छोटी आग आतच विझते. पाणी ओतू नका. ज्वाळा थांबत नसतील किंवा बाहेर येत असतील तर सगळ्यांनी बाहेर पडून अग्निशमन दलाला बोलवा.

वीज गेली तर बऱ्याच ओव्हनमध्ये लावलेला कार्यक्रम पुसला जातो. वीज आल्यावर घड्याळ लुकलुकत राहतं आणि वेळ पुन्हा भरेपर्यंत ओव्हन चालत नाही. म्हणून वीज परत आली की सगळ्यात आधी पडदा पाहा. पदार्थ अर्धवट शिजलेला असेल आणि खंड थोडाच असेल, तर दार बंद ठेवा, पुन्हा सुरू करा आणि शेवटी आतलं तापमान मोजा. खंड किती वेळाचा होता ते कळत नसेल किंवा पदार्थ २ तासांहून जास्त कोमट राहिला असेल, तर तो टाकून द्या. मांस मुद्दाम अर्धवट भाजून बाकीचं संध्याकाळी करायचं, हेही त्याच कारणाने करू नये.

रात्री बंद झालेल्या ओव्हनमध्ये सकाळी पदार्थ सापडला आणि त्यात मांस, मासे, अंडी, दूध, भात किंवा शिजलेली भाजी असेल, तर वास घेऊन किंवा चाखून ठरवू नका, विषाला वास नसतो. चांगला दिसत असला तरी तो टाका आणि भांडं साबणाच्या गरम पाण्याने घासून घ्या. साधा पाव, बिस्किटं किंवा मलई-कस्टर्ड न घातलेला केक असेल, तर तो रात्रभर राहिल्याने काही बिघडत नाही, फार तर थोडा सुकलेला असतो.